भाऊबीज, ४२ पीएसआय आणि आजीची गोधडी

दसऱ्याला गाडी घरी आली. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, वरचा सेसही गेला, आणि जे व्हेरियंट आम्ही दोन वर्षं नुसतं बघत होतो ते एकदम आवाक्यात आलं. चार मीटरच्या आतली, बाराशे सीसीच्या आतली पेट्रोल कॉम्पॅक्ट एसयूव्ही. कंपनीचं नाव घेत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते थोड्याफार फरकाने या आकाराच्या बऱ्याच गाड्यांना लागू आहे.

टेस्ट ड्राइव्ह मुलुंडला एलबीएस रोडवर घेतली होती. मेट्रोच्या कामाच्या पत्र्यांमधून जी काही गल्ली उरली होती तिच्यात गाडी ३० च्या वर जातच नव्हती. त्यात सेल्सवाल्याने साउंड सिस्टिम ऐकवायची म्हणून गाणी लावलेली. त्या वेगाला टायर मुकाच असतो. तो बोलायला लागतो साधारण ५०-६० च्या पुढे, म्हणजे इंजिनाचा आवाज मागे पडतो तेव्हा. हे मला तेव्हा माहीत असतं तर मी त्याला निदान ऐरोली पुलापलीकडे तरी न्यायला लावलं असतं, गाणी बंद करून.

भाऊबीजेला बाबांना घेऊन पुण्याला आत्याकडे निघालो. बाबा ७६ वर्षांचे, दोन्ही कानांत मशीन. बेस्टमध्ये नोकरी झाली, वडाळा डेपोत, आयुष्यभर बसखाली. कान तिथेच गेले असं आई म्हणायची. ते मागे डाव्या बाजूला बसतात, ती जागा ठरलेली. पुढे बसा म्हटलं तर ‘सूनबाई बसेल, मला मागे पाय पसरता येतात’ हे उत्तरही ठरलेलं.

कळंबोलीनंतर एक्सप्रेस वेचं काँक्रीट लागलं आणि गाडीत जातं सुरू झालं. गुंऽऽऽ असा एकसुरी घोष, आणि त्याच्यावर दर काही क्षणांनी सांध्याचा डब्-डब्. बाबांनी काहीतरी विचारलं. मी ‘काय?’ म्हणालो. ते ‘काय?’ म्हणाले. बायकोने मान वळवून, दोन सीटच्या मधून तोंड घालून ओरडून सांगितलं, ते त्यांना वेगळंच ऐकू आलं. असं दोन-तीनदा झालं. खालापूरच्या फूड मॉलला चहा पिऊन गाडीत बसताना त्यांनी दोन्ही मशीन काढून डबीत ठेवली आणि डबी खिशात टाकली. ‘पुण्याला पोचलं की घालतो,’ म्हणाले. तक्रार नव्हती, सोय होती. पण पुढचा घाट मी गप्प चालवला.

आम्हाला त्या घोषातून एकमेकांचं बोलणं वेचता येतं. मशीन लावलेल्या माणसाला तसं सहज जमत नाही. खालच्या पट्टीतला सतत आवाज असला की स, श, त, क ही हलकी व्यंजनं त्यात बुडतात आणि नुसते स्वर उरतात. म्हणजे माणसं बोलताहेत हे कळतं, काय बोलताहेत ते नाही.

परत आल्यावर सर्व्हिस सेंटरला गेलो. अ‍ॅडव्हायझरने वर्कशॉपमागच्या गल्लीत ४० च्या वेगाने एक चक्कर मारली आणि ‘सर, एसयूव्हीला एवढं असतंच’ असं सांगून जॉब कार्ड बंद केलं. त्याच दुकानाने डिलिव्हरीच्या वेळी ‘आवाज पण कमी होतो’ म्हणून माझ्या गळ्यात अंडरबॉडी कोटिंग मारलं होतं. गंज थोपवायला ते उपयोगी असेल, आपल्याकडच्या खाऱ्या हवेत नाही म्हणायचं कारण नाही. पण आवाजाला त्याने मला ऐकू येईल असा काहीही फरक पडला नव्हता.

संध्याकाळी बाबांना सांगितलं तर त्यांनी एकच विचारलं, ‘हवा किती आहे?’

मी बघितलीच नव्हती! महिना झाला होता गाडी येऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी चालू करायच्या आधी, स्वतःचा गेज लावून बघितलं. चारही टायरांत ४२ पीएसआय. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर जो स्टिकर दिसतो त्यावर ३३ लिहिलेलं. झालं असं की गाड्या यार्डात आठवडेच्या आठवडे एका जागी उभ्या असतात, तेव्हा टायर खालून चपटा होऊ नये म्हणून हवा जास्त भरून ठेवतात. डिलिव्हरीपूर्वी ती उतरवायची असते. ती कोणी उतरवली नव्हती, आणि मी फास्टॅग, पेढे आणि बॉनेटवरचा हार यांत गुंग होतो.

हवा थंड टायरातच मोजायची, हे बाबांनी दोनदा बजावलं. पंपापर्यंत चालवत नेली आणि मग मोजली, तर तापलेल्या टायरात आकडा दोन-चारने वर दिसतो. तिथे तो ३३ वर आणला तर थंड झाल्यावर हवा कमी पडते.

३३ वर आणल्याबरोबर डब्-डब् निम्म्यावर आलं. खड्ड्यात गाडी आपटायची, ती आता बसल्यासारखी जायला लागली. खर्च शून्य. पण गुंऽऽऽ होतं तसंच.

इथून बाबा कामाला लागले. निवृत्तीनंतर त्यांच्या हाताला असं काम मिळालं नव्हतं. त्यांचं म्हणणं, आवाज एक कधीच नसतो, आधी तो सोडवून बघायचा. रस्ता मोकळा असताना ८० वर एक्सलरेटरवरून पाय काढला. इंजिन शांत झालं, घोष कायम. म्हणजे इंजिन नाही. लेन बदलताना गाडी हलकेच डावी-उजवी झाली तरी घोषात चढउतार नाही, म्हणजे व्हील बेअरिंग नाही. (बेअरिंग वाजत असेल तर वजन एका बाजूला गेलं की आवाज बदलतो.) दारांच्या फटींवर बाहेरून मास्किंग टेप लावून ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर एक फेरी मारली. बँडेज बांधलेल्या त्या गाडीकडे लोक बघत होते. आवाज तोच, म्हणजे वारा नाही. या वेगाला नसतोही तो तेवढा.

मग अटल सेतूवर नेली. टोल भरून टेस्टिंग करणारा माणूस घरात जन्मला याचं बायकोने यथोचित कौतुक केलं. पण तिथे जे कळलं ते इतर कुठे कळलं नसतं. सेतूवर डांबर आहे. शिवडीहून चढलो, ८० पकडला, आणि गाडीत एकदम पडदा ओढल्यासारखी शांतता. मोबाइलवर डेसिबल मोजायचं अ‍ॅप टाकलं होतं. असल्या अ‍ॅपचा आकडा खरा धरू नये, पण एकाच फोनवर, एकाच जागी धरून दोन रस्त्यांची तुलना करायला चालतो. सेतूवर ६७. पुढच्या रविवारी एक्सप्रेस वेवर त्याच वेगाला, काचा बंद, एसी एकवर, ७२. गाडी तीच, टायर तेच, हवा तीच, फक्त खालचा रस्ता बदलला.

कारण काँक्रीटमध्येच आहे. काँक्रीट ताजं, ओलं असतानाच त्यावर आडव्या रेघा ओढतात, पाण्यात पकड राहावी म्हणून. टायरच्या नक्षीचे ठोकळे त्या रेघांवरून ठराविक अंतराने आपटत जातात, आणि वेग वाढवला की सूर चढतो. शिवाय ठोकळ्यांच्या मधल्या खाचेतली हवा रस्त्यावर दाबली जाते आणि पुढच्या क्षणी सुटते, म्हणजे बारीक बारीक टाळ्या, सेकंदाला शेकडो. डांबरात खडीच्या मधे फटी असतात, हवा तिथून निसटते. गुळगुळीत घट्ट काँक्रीटवर तिला जायला वाट नसते. मुंबईतले रस्ते एकामागून एक काँक्रीटचे होताहेत. खड्डे जाणार असतील तर मला हे चालेल, पण त्याची किंमत कानांनी मोजायची आहे हे धरून चाला.

आणि सांध्यावर जो पोकळ ‘डंग’ येतो तो टायरच्या आतल्या हवेचा. रिकाम्या घागरीवर टिचकी मारावी तसा. टायरमधली गोल पोकळी या मापाला साधारण २०० हर्ट्झच्या आसपास घुमते. काही महागड्या टायरांत म्हणूनच आतून फोमची पट्टी चिकटवलेली असते. माझ्या मापात तसला टायर कुठल्याच दुकानात निघाला नाही, त्यामुळे तो विषय तिथेच संपला.

आता गाडीचा दोष किती आणि टायरचा किती? मेहुण्याने डोंबिवलीत हेच मॉडेल दोन महिने आधी घेतलं होतं. कंपन्या एकाच मॉडेलला दोन-तीन ठिकाणांहून टायर घेतात, त्याला दुसऱ्या ब्रँडचे आले होते. त्याची गाडी मागून घेतली, हवा ३३ केली, त्याच रस्त्यावर त्याच वेगाला चालवली. ६९. म्हणजे तीन डेसिबल निव्वळ टायरचे. ही परीक्षा कोणीही करू शकतो, आणि हजारो रुपये घालवण्याआधी करावीच. सोसायटीत, ऑफिसात कोणाकडे तरी तीच गाडी असते.

पण मेहुण्याच्या गाडीतही बाबांना मागे पुढच्यापेक्षा जास्त गोंगाट वाटला. मी मागे बसून ऐकलं आणि ते खरं होतं. सेडानला डिकी वेगळी असते, मधे सीटची भिंत. या गाड्यांत डिकी आणि बसायची जागा एकच. वर पातळ पार्सल ट्रे, बाजूला मागच्या चाकांची पत्र्याची घुमटी, तिच्यावर नुसतं प्लॅस्टिक. खाली स्टेपनीचा खड्डा. चार मीटरच्या आत सगळं बसवायचं तर मागच्या माणसाचं डोकं आणि ती घुमटी यांत हातभर अंतर. सगळा डबाच वाजतो, आणि बाबा त्याच्या तोंडाशी बसतात.

बाबांनी बोटाच्या पेराने पत्र्यावर ठोकत ठोकत अख्खी डिकी तपासली. दाराला ठप्प, छताला जरा बरं, घुमटीला आणि स्टेपनीच्या खड्ड्याला टणटण. मग ते वर गेले आणि कपाटातून आजीची गोधडी आणि दोन जुन्या रजया घेऊन आले. जुन्या नऊवारी लुगड्यांची, हाताने टाके घातलेली ती जाड गोधडी त्यांनी दोन्ही घुमट्यांवर दाबून बसवली, रजया स्टेपनीवर आणि सीटच्या पाठीमागे. ‘चल आता.’

ऐरोलीपर्यंत जाऊन आलो. पुढे बसलेल्याला फरक जेमतेम. मागे मात्र घोषाची धार गेली होती. आकडा दीडने उतरला, पण कानाला त्याहून जास्त वाटलं, कारण टणटण करणारा जो वरचा सूर होता तो गोधडीने गिळला. कुठे पैसे घालायचे ते ठरलं.

डॅम्पिंगसाठी, म्हणजे पत्र्याची थरथर दाबणारी शीट लावून घ्यायला, कलिनाला सीएसटी रोडवर गेलो. गाडीच्या अ‍ॅक्सेसरीजचं मार्केट म्हटलं की पाय तिकडेच वळतात. पहिल्या दुकानात ‘चार दरवाजे, फ्लोअर, रूफ, बॉनेट, सगळं मिळून ३८ हजार.’ दुसऱ्यात स्वस्त, पण शीटला डांबराचा वास. ती उन्हात मऊ पडते आणि मे महिन्यात गाडीत रस्त्याच्या कामासारखा वास सुटतो. आपल्याला हवं ते ब्युटाइल, काळं रबर, वर अ‍ॅल्युमिनियमची फॉइल. तिसऱ्या दुकानात ते मिळालं आणि फक्त डिकीचा फ्लोअर, दोन घुमट्या आणि मागची दोन दारं एवढंच करायला तो कुरकुरत का होईना तयार झाला. साडेनऊ हजार, मजुरीसकट.

ब्युटाइल आवाज अडवत नाही, पत्र्याला थरथरू देत नाही. डफावर हात ठेवल्यावर होतं तेवढंच. त्यामुळे पत्रा पूर्ण मढवायची गरज नसते, मधला पंचवीस-तीस टक्के भाग धरला तरी टणटण जाते. दुकानदाराला अर्थातच पूर्ण मढवायचा असतो, शीटवर पैसे आहेत. घुमट्यांवर मात्र आम्ही पूर्ण लावली आणि वर फोमचा थर दिला. पत्रा आधी थिनरने पुसून, शीट लावली की रोलर फिरवायचा, फॉइलवरची नक्षी सपाट होईपर्यंत. पोऱ्या हाताने थापटून पुढे जात होता, बाबांनी त्याच्या हातात रोलर दिला.

मागच्या दाराचं पॅनल उघडलं तेव्हा खरा प्रसंग घडला. दाराच्या तळाशी बारीक लांबट भोकं असतात. काचेच्या रबरातून पावसाचं पाणी दारात उतरतंच, ते तिथून बाहेर पडतं. पोऱ्याने शीट थेट तळापर्यंत आणली आणि भोकांवरून दाबली. बाबा वाकून बघत होते. त्यांनी त्याचं मनगट धरलं.

‘चाचा, बंद करेंगे तो पानी अंदर नहीं आएगा,’ तो म्हणाला.

‘अरे, आलेलं बाहेर कसं जाणार?’ बाबांनी मराठीतच विचारलं, आणि खिशातल्या बॉलपेनने भोकं मोकळी करून दाखवली. पहिल्या पावसाळ्यात त्या दारात बादलीभर पाणी खळखळलं असतं, आणि दोन वर्षांत तळ गंजला असता. तुम्ही कुठेही काम करून घ्या, पॅनल परत बसवायच्या आधी हे एवढं स्वतः वाकून बघा. वायर कापून जोडू देऊ नका हेही बजावा, वॉरंटीवरून भांडण तिथेच सुरू होतं.

आल्यावर ७२ चा ७०.५ झाला होता. गोधडीने सांगितलेलं भविष्य तंतोतंत खरं.

मधे मी ऑनलाइन दारांच्या कडेची रबर बीडिंगही मागवली होती, सातशे रुपयांची. लावल्यावर दार बंद करायला हिसका द्यावा लागायचा. दहा दिवसांत एका बाजूची सुटून लोंबायला लागली. काढून टाकली.

राहिले टायर. साडेतीन हजार किलोमीटर चाललेले, चांगले टायर बदलायचे हे बाबांना पटत नव्हतं. बसचा टायर शेवटच्या तारेपर्यंत वापरलेला माणूस. मलाही जिवावरच आलं होतं. पण कंपनीतून येणारे टायर पुष्कळदा मायलेजवर नजर ठेवून निवडलेले असतात, शांतता ही नंतरची बाब, आणि मेहुण्याच्या गाडीतला तीनचा फरक माझ्या डोक्यातून जात नव्हता.

दुकानात टायरच्या स्टिकरवर ‘६९ डीबी’ बघून मी खूश झालो होतो. तो आकडा गाडीच्या आतला नव्हे. ८० च्या वेगाने इंजिन बंद गाडी सोडायची आणि साडेसात मीटरवर, रस्त्याच्या कडेला माइक लावून मोजायचा, असा तो आकडा. शेजारच्या बिल्डिंगला किती त्रास होईल ते त्यातून कळतं, मागच्या सीटवरच्या बाबांना नाही. त्यामुळे मी स्टिकर सोडला आणि नक्षी बघितली. फार मोठे, सुटे ठोकळे नकोत. ठोकळ्यांची मापं कमी-जास्त असावीत, म्हणजे सगळे एकाच तालात आपटत नाहीत आणि एक सूर धरत नाहीत. माप तेच घेतलं, २१५/६० आर १६, लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) ९५, कमी नाही. ‘अहो रुंद टाका, भारी दिसते,’ असं दुकानदार म्हणाला. रुंद टायर म्हणजे रस्त्यावर जास्त रबर आणि जास्त आवाज. बाजूवरचा चार आकडी कोडही बघितला. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. एक टायर दीड वर्षापूर्वीचा निघाला, तो बदलून घेतला.

चारांचे ३५ हजारांच्या घरात गेले, जुन्यांचे १३ परत आले. बॅलन्सिंग, अलाइनमेंट त्यातच. पहिले दोनशे किलोमीटर फार काही वाटलं नाही, उलट पैसे गेले की काय अशी धास्ती. नव्या रबरावरचा साच्याचा चकचकीत थर घासून जाईपर्यंत धीर धरायचा असतो. मग एक दिवस आकडा लागला ६८. सुरुवातीपेक्षा चार कमी. ऐकायला किरकोळ, पण तीन डेसिबल म्हणजे आवाजाची ताकद निम्मी. कानाला मात्र निम्मं वाटायला दहा उतरावे लागतात, तेव्हा मला कोणी ‘गाडी लक्झरी झाली का’ विचारलं तर नाही. खडबडीत काँक्रीटवर ती अजून गुणगुणते. मायलेज लिटरमागे अर्ध्या किलोमीटरने पडलं, तेही लिहून ठेवतो.

संक्रांतीच्या आधीच्या शनिवारी पुन्हा आत्याकडे निघालो. खालापूर गेलं. बाबांची मशीन कानातच होती. मी आणि बायको पुढे सोसायटीच्या मेंटेनन्सबद्दल नेहमीच्या आवाजात बोलत होतो, मागून बाबा म्हणाले, ‘तो सेक्रेटरी आधीपासूनच तसला आहे.’ बायकोने माझ्याकडे बघितलं, मी रस्त्याकडे.

पाच मिनिटांनी ते पुन्हा म्हणाले, ‘काहीतरी वाजतंय.’

मला काही ऐकू येत नव्हतं. लोणावळ्याला थांबलो, त्यांनी डिकी उघडली, पार्सल ट्रे हाताने हलवून बघितला. उजवा खुंटा खोबणीत किंचित सैल होता, टिक्-टिक् करत होता. खिशातून बसचं तिकीट काढलं, चार घड्या घातल्या, खोबणीत सारलं आणि ट्रे वरून दाबला. डेपोत सैल काचांना हेच करायचो, म्हणाले. ते तिकीट अजून तिथेच आहे.